चालू फायबर, एक फोटॉन आणि जॉइंटचा लॉस

गेल्या पावसाळ्यात खेड शिवापूरच्या पुढे हायवेलगत केबल तुटली होती, नाल्याच्या कामात जेसीबीने ओढली, आणि रात्री पावणेदोनला आम्ही ताडपत्रीखाली जॉइंट करत बसलो होतो. मी टेलिकॉम नेटवर्कच्या प्लॅनिंगमध्ये आहे, साइटवर जायची मला गरज नसते, पण नोकरीची पहिली सहा वर्षं फील्डवर काढली आहेत त्यामुळे मोठा कट असला की घरी झोप लागत नाही, मी निघतेच. आमचे स्प्लायसर दादा एकेक फायबर सोलून, स्पिरिटने पुसून, मशीनमध्ये ठेवत होते आणि प्रत्येक जोडात किती उजेड वाया जातो (म्हणजे लॉस) त्याचा डेसिबलमधला, डीबीमधला, आकडा वाचून दाखवत होते, "शून्य पॉइंट शून्य दोन... शून्य पॉइंट शून्य एक... ही परत करतो, पॉइंट शून्य आठ आली." आणि मधेच म्हणाले, "मॅडम, ते क्वांटम इंटरनेट आलं की ही फायबर जाणार का? पोराने मोबाइलवर दाखवलं, डेटा म्हणे टेलिपोर्ट होणार, वायर-बियर काही लागणारच नाही, स्पीड पण हजारपट."

मी तेव्हा एवढंच म्हटलं की दादा फायबर कुठे जात नाही, उलट तुमचं काम वाढणार आहे. पावसात याहून जास्त बोलता आलं नसतं. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि नंतर दोन-तीन महिने मी जे मिळेल ते वाचत सुटले, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आधी स्पीडचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. अलेक्झांडर होलेवो नावाच्या रशियन गणितज्ञाने १९७३ मध्येच सिद्ध करून ठेवलंय की एका क्यूबिटमधून (क्वांटम माहितीचं सगळ्यात छोटं एकक), म्हणजे समजा एका फोटॉनच्या, उजेडाच्या एका कणाच्या, पोलरायझेशनमधून (लहर कोणत्या कोनात डोलते त्यातून), समोरच्याला एका बिटपेक्षा जास्त माहिती काढता येत नाही. क्यूबिटच्या आत कितीही गुंतागुंत असू दे, मोजायला गेलं की हातात एकच बिट येतो. त्यामुळे क्वांटम आलं की तेवढ्याच तारेतून हजारपट डेटा जाईल हे होणारच नाहीये, आणि टेलिपोर्टेशनमध्येसुद्धा काही वायरशिवाय जात नाही. १९९३ मध्ये बेनेट, ब्रासार्ड वगैरे सहा जणांनी ती कल्पना मांडली तेव्हाच पद्धत अशी होती की आधी गुंतलेल्या (एन्टँगल्ड, म्हणजे ज्यांची मोजमापं लांब असूनही एकमेकांशी जुळतात अशा) दोन फोटॉनांची जोडी दोन टोकांना पोचवायची (आपल्या नेटवर्कमध्ये म्हणजे ती फायबरमधूनच जाणार), मग एका टोकाला मोजमाप करायचं, आणि त्या मोजमापाचे दोन साधे बिट दुसऱ्या टोकाला नेहमीच्या नेटवर्कवरून पाठवायचे. ते दोन बिट पोचेपर्यंत पलीकडच्याच्या हातात काहीच कामाचं नसतं. म्हणजे दोन्ही प्रकारची वाहतूक आपल्याच काचेतून.

हां, एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मला फार आवडते. १९९२ मध्ये बेनेट आणि वीझनर यांनी दाखवलं की दोघांकडे गुंतलेली जोडी आधीच वाटून ठेवलेली असेल तर एक फोटॉन पाठवून दोन बिट पोचवता येतात, याला सुपरडेन्स कोडिंग म्हणतात. होलेवोचा नियम तुटत नाही, कारण जोडीतला दुसरा फोटॉन आधीच जाऊन बसलेला असतो, हिशोब दोनाला दोनच येतो. पण विचार करा, आपल्याकडे सोसायटीत रात्री पाणी येतं तेव्हा टाकी भरून ठेवतात आणि सकाळी सगळे एकदम नळ उघडतात, तसं रात्री लाइन मोकळी असताना गुंतलेल्या जोड्या पोचवून ठेवायच्या आणि दिवसा गर्दीत तेवढ्याच फोटॉनांत दुप्पट पाठवायचं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या लोकांनी फायबरवर हे करून एका फोटॉनमागे १.६६५ बिट गाठले, एकापेक्षा खरंच जास्त. अडचण टाकीची आहे, फोटॉनची अवस्था रात्रभर धरून ठेवेल अशी क्वांटम मेमरी आज टेलिकॉम रूममध्ये ठेवण्यासारखी झालेली नाही. आणि दुसरी अडचण धंद्यातली आहे, आपल्या ४०० जीबीपीएसच्या कार्डात उजेडाच्या एकेका ठोक्यात (सिम्बॉलमध्ये) ८ बिट बसतात, आपल्याला फोटॉनांची टंचाई कधी नसतेच. एक मिलिवॉट उजेड म्हणजे सेकंदाला सुमारे ७८०० लाख कोटी फोटॉन. तिथे एकेका फोटॉनमधून दुप्पट काढून काय मिळवणार?

टंचाई जिथे असते तिथे गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नासाने सायकी यानावरून लेझरने ३ कोटी १० लाख किमीवरून २६७ एमबीपीएस वेगाने व्हिडिओ आणला, आणि पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीला लावलेला डिटेक्टर एकेक फोटॉन मोजणारा, अतिथंड नॅनोवायरचा होता. क्वांटम प्रयोगशाळांत वापरतात त्याच जातीचा. त्याला क्वांटम कम्युनिकेशन म्हणता येणार नाही, पण एकेक फोटॉन पकडण्याची ही कला साध्या डेटाच्या कामी येते ती अशी.

मग आपल्या जमिनीखालच्या फायबरला क्वांटमचा फायदा काय? माझं उत्तर चावी. म्हणजे एन्क्रिप्शनची की. आपण जो डेटा पाठवतो तो कुलूपबंद करून पाठवतो, कुलूप चांगलं आहे, एईएस नावाची ही नेहमीची कुलपाची पद्धत कोणी फोडत बसत नाही, पण दोन टोकांना एकच चावी कशी पोचवायची हा जुना प्रश्न आहे आणि आज तो ज्या गणितावर सोडवलाय ते मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला तर मोडेल. आज केबल टॅप करून डेटा साठवून ठेवायचा आणि दहा-पंधरा वर्षांनी उघडायचा, असं कोणी करत असेल तर आपल्याला कळणारही नाही. हॉस्पिटलचे रेकॉर्ड, बँकांचे व्यवहार, संरक्षणाचा पत्रव्यवहार पंधरा वर्षांनीही गुप्तच राहायला हवा ना.

चावी फोटॉनांवरून पाठवायची पहिली पद्धत बीबी८४. ही पद्धत जगापुढे कुठे मांडली गेली माहितीये का? बंगळूरला! डिसेंबर १९८४ च्या एका आयईईई परिषदेत, बेनेट आणि ब्रासार्ड यांचा तो पेपर. मला हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला, कारण मी बंगळूरला ट्रेनिंगला दोनदा जाऊन आलेय आणि कोणीच कधी सांगितलं नाही. पद्धत अशी की प्रत्येक फोटॉन चारपैकी एका कोनात पोलराइज करून पाठवायचा, घेणारा दोनपैकी एक मोजमाप आपल्या मनाने निवडतो, नंतर दोघं उघडपणे फक्त एवढं सांगतात की कोणती पद्धत वापरली, जुळली नाही ती मोजमापं टाकून देतात, उरलेल्यांतून चावी बनते. मधे कोणी फोटॉन अडवून, मोजून, तसाच दुसरा पुढे पाठवायला गेला तर तो चुकतोच, कारण क्वांटम अवस्थेची झेरॉक्स काढता येत नाही (हे १९८२ मध्ये सिद्ध झालं), आणि त्याने सगळेच फोटॉन अडवले तर उरलेल्या चावीत २५ टक्के बिट चुकीचे निघतात. ११ टक्क्यांच्या वर चूक दिसली की ती चावी फेकून द्यायची. चोरी झाली की कळतं, एवढंच वचन आहे, आणि ते मोठं आहे.

आता चावीला स्पीड किती लागतो ते बघा. एप्रिल २०२५ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्ट ते केल असं २५४ किमी टेलिकॉमच्या खऱ्या फायबरवर ट्विन फील्ड नावाच्या, लांब अंतरासाठीच्या पद्धतीने चाव्या पाठवल्या, वेग होता सेकंदाला ११० बिट. आपण म्हणू हे काय, याहून जुना मोडेम बरा. पण एईएसची चावी २५६ बिटांची असते, म्हणजे दर अडीच सेकंदाला नवी कोरी चावी, आणि त्या चावीने शेजारच्या लाइनवरून शेकडो जीबीपीएस डेटा बंद करून पाठवता येतो. डेटाचं वजन साध्या नेटवर्कने उचलायचं, भरवशाचं वजन फोटॉनने. क्वांटममुळे डेटा ट्रान्सफर सुधारतो तो असा, आणि ही विभागणी मला एकदम पटते.

आता खरी गंमत, म्हणजे माझ्या कामाची गोष्ट. क्वांटमसाठी वेगळी डार्क फायबर, म्हणजे रिकामी, ट्रॅफिक नसलेली, कोण देणार? राइट ऑफ वे (जमिनीतून केबल नेण्याचा हक्क), खोदाई, डक्ट, महापालिकेच्या परवानग्या, ज्यांनी हे केलंय त्यांनाच माहीत. त्यामुळे जी फायबर चालू आहे, ज्यात ट्रॅफिक भरलाय, तिच्यातूनच तो एकटा फोटॉन गेला पाहिजे. ब्रिटिश टेलिकॉमच्या प्रयोगशाळेतल्या पीटर टाऊनसेंड यांनी १९९७ मध्येच टाकलेल्या फायबरवर चाव्या आणि डेटा एकत्र पाठवून दाखवले, वेगवेगळ्या वेव्हलेंग्थवर, म्हणजे उजेडाच्या वेगवेगळ्या रंगांवर. ऐकायला सोपं वाटतं, एका फायबरमध्ये अनेक रंग पाठवणं (डब्ल्यूडीएम) आपण रोजच करतो, पण इथे एका बाजूला सेकंदाला हजारो लाख कोटी फोटॉनांचा पूर आहे आणि दुसऱ्या बाजूला एका पल्समध्ये सरासरी अर्धा फोटॉनसुद्धा नाही.

आणि त्या पुरातून शिंतोडे उडतात. उजेड काचेतून जाताना त्यातला अगदी थोडा भाग काचेच्या रेणूंच्या थरथरीशी देवाणघेवाण करतो आणि रंग बदलून बाहेर पडतो. रामन परिणाम! २८ फेब्रुवारी १९२८, कलकत्ता, शाळेत दरवर्षी विज्ञान दिनाला भाषण ठोकलेलं असतं आपण सगळ्यांनी. तोच रामन परिणाम क्वांटम चॅनेलचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, कारण १५५० नॅनोमीटरच्या डेटातून उडालेला एखादा फोटॉन बरोबर क्वांटमच्या खिडकीत येऊन पडला की डिटेक्टरला आपला कोण आणि परका कोण हे कळत नाही. नुसता फिल्टर लावून भागत नाही, कारण रंगही तोच झालेला असतो.

उपाय काय, तर लांब पळायचं. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्रेम कुमार यांच्या गटाने डिसेंबर २०२४ मध्ये ऑप्टिका नियतकालिकात जो प्रयोग छापला त्यात ३० किमी फायबरमधून ४०० जीबीपीएसचा ट्रॅफिक सी बँडमध्ये (१५५० च्या आसपासच्या नेहमीच्या पट्ट्यात) चालू ठेवला आणि त्याच काचेतून १२९० नॅनोमीटरवर, ओ बँडमध्ये, क्वांटम अवस्था टेलिपोर्ट केली. रामनचे शिंतोडे मूळ रंगाच्या जवळपास आणि जास्त करून लांब वेव्हलेंग्थकडे उडतात, आखूड बाजूला इतक्या दूर फार थोडे पोचतात, त्यामुळे १२९० ला शांतता असते. त्यावर अरुंद फिल्टर आणि अचूक टायमिंग. फायबर प्रयोगशाळेत गुंडाळलेली होती, जमिनीखालची नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं, पण तरी चालू ट्रॅफिकमध्ये टेलिपोर्टेशन झालं ही बातमी वाचून मी लॅपटॉपसमोर उभीच राहिले होते.

पण ओ बँडची किंमत द्यावी लागते. १५५० ला किमीमागे ०.२ डीबी लॉस, १३१० च्या आसपास, म्हणजे ओ बँडमध्ये, ०.३५ (दर १० डीबीला उजेड दहावा हिस्सा उरतो). तीस किमीला हरकत नाही, दहातला एक फोटॉन तरी पोचतो. आता मुंबई-पुणे घ्या, १५० किमी धरू. १५५० ला ३० डीबी, म्हणजे मुंबईहून हजार फोटॉन निघाले तर पुण्याला एक. १३१० ला ५२ डीबी, म्हणजे दीड-दोन लाखात एक! शांत गल्लीतून जायचं तर रस्ता खराब आणि चांगल्या रस्त्याने जायचं तर गोंगाट. आणि मधे लोणावळ्याला ॲम्प्लिफायर टाकू म्हणाल तर ते चालत नाही, ॲम्प्लिफायर म्हणजे नक्कल काढणं, आणि नक्कल निघत नाही हाच तर सगळा पाया. नेहमीच्या लिंकवर चार डीबी इकडेतिकडे झाले तर आपण गेन वाढवतो आणि चहा प्यायला जातो. इथे गेलेला फोटॉन गेला.

म्हणूनच दादांना म्हटलं ना काम वाढणार. केबलचा ड्रम साधारण ४ किमीचा धरला तर १५० किमीत ३७-३८ जॉइंट, त्यात वर्षानुवर्षांचे कट जोडले की कितीतरी जास्त. चाळीस जॉइंट जरी धरले आणि प्रत्येकी ०.१ डीबी म्हणून सोडून दिले तर ४ डीबी, म्हणजे १०० पैकी ६० फोटॉन फक्त आपल्या आळसात गेले. तेच चाळीस जॉइंट ०.०२ चे केले तर ०.८ डीबी, १०० पैकी ८३ पोचतात. दुप्पट चाव्या, एक रुपयाचं नवं मशीन न घेता. त्या रात्री पॉइंट शून्य आठ आलेली फायबर दादांनी कोणी न सांगता परत केली होती, पाऊस चालू असताना.

लॉससारखंच पोलरायझेशन. तापमान बदललं, शेजारून ट्रक गेला, की काचेवर ताण येतो आणि फोटॉनचा कोन फिरतो. जमिनीखाली हळू फिरतो, खांबावरून लोंबणाऱ्या केबलमध्ये वाऱ्याने भराभर फिरतो, आणि आपल्या शहरांत तर निम्म्या गल्ल्यांत केबल झाडाला आणि खांबालाच आहेत. न्यूयॉर्कमध्ये ३४ किमीच्या टाकलेल्या फायबरवर आपोआप दुरुस्ती करणारी यंत्रणा लावून १५ दिवस गुंतलेले फोटॉन पाठवले, ९९.८४ टक्के अपटाइम मिळाला, हा आकडा आमच्या धंद्यातल्या कोणालाही बोलका वाटेल. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने तर फिलाडेल्फियात व्हेरायझन या टेलिकॉम कंपनीच्या सुमारे एक किमी फायबरवर आयपी पॅकेटसारखी रचना केली, पुढे साधा सिग्नल आणि मागे क्वांटम. पालखीपुढे चोपदार चालतो तसं. राउटर फक्त चोपदाराकडे बघून वाट ठरवतो, पालखीला हात लावत नाही, आणि वाटेत चोपदाराला जे धक्के बसले ते मोजून मागच्या क्वांटमचा कोन सरळ करतात. क्वांटम मोजलं की बिघडतं, म्हणून शेजाऱ्याला मोजायचं. साधं नेटवर्क क्वांटमला असं सांभाळून नेतं, हे मला सगळ्यात सुंदर वाटलं.

आपल्याकडे काय चाललंय? फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल, १०० किमीहून जास्त, आधीच टाकलेल्या व्यावसायिक दर्जाच्या फायबरवर चाव्या पाठवून दाखवल्या. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं, ६००३.६५ कोटी, २०३०-३१ पर्यंत, आणि त्यातला कम्युनिकेशनचा हब आयआयटी मद्रासला सी-डॉट या सरकारी टेलिकॉम संशोधन संस्थेबरोबर आहे. पुण्यात पाषाणला आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचा हब आहे, आमच्या ऑफिसपासून फार लांब नाही. पैसा चांगला आहे, माणसंही आहेत. माझी एकच तळमळ आहे, या सगळ्यात फील्डच्या लोकांना, जोडारी, मेंटेनन्सवाले, प्लॅनिंगवाले, यांना आत्ताच बरोबर घ्या. प्रयोगशाळेतल्या रिळाला जेसीबी लागत नाही.

आणि खरं ते सांगायला हवं, सगळ्यांना ही चावी लागणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने क्वांटम कॉम्प्युटरलाही फुटणार नाहीत असं मानलं जातं अशा गणिती पद्धतींचे पहिले तीन स्टँडर्ड काढले, ते नुसत्या सॉफ्टवेअरने येतात, फोनमध्ये, ब्राउझरमध्ये येतही आहेत, पब्लिक की मोठी होते, तेवढा जास्तीचा भार पडतो. तुमच्या माझ्या व्हॉट्सॲपला तेवढं पुरे. अमेरिकेची सुरक्षा संस्था एनएसए तर सरळ सांगते की क्यूकेडीपेक्षा (म्हणजे ही फोटॉनवरून चावी पाठवण्याची पद्धत) हेच वापरा. त्यांचे मुद्दे खोटे नाहीत, समोरचा माणूस तोच आहे हे ओळखायला क्यूकेडीलाही आधीची काही खूण लागतेच, आणि लांब अंतराला मधे विश्वासाची ठाणी लागतात, चीनच्या बीजिंग-शांघाय २००० किमी लाइनवर अशी ३२ ठाणी आहेत, आणि प्रत्येक ठाण्यात चावी उघडी होते. म्हणजे त्या खोलीच्या दाराला साधं कुलूप आणि एक वॉचमन लागतोच. तरीही दोन डेटा सेंटरमधल्या, दोन मोठ्या एक्स्चेंजमधल्या ज्या लाइनवरून लाखो लोकांचा डेटा एकत्र जातो तिथे गणिताचं कुलूप आणि फोटॉनचं कुलूप दोन्ही असावीत असं मला मनापासून वाटतं. गणितात उद्या कोणी वाट शोधली तर दुसरं कुलूप उभं असेल.

त्या रात्रीनंतर मी एक छोटा बदल केला. आमच्याकडे जॉइंट झाला की ओटीडीआरचं (फायबरमध्ये उजेड सोडून कुठे किती लॉस आहे ते दाखवणारं यंत्र) १५५० चं रीडिंग घेऊन क्लोजर, म्हणजे जॉइंटचा डबा, बंद करायची सवय होती, घाई असते, ट्रॅफिक डाऊन असतो, फोनवर फोन येत असतात. आता माझ्या रूटवर १३१० चंही रीडिंग घ्यायचं आणि रजिस्टरला दोन्ही लिहायची असं ठरवलंय, जास्तीची तीन-चार मिनिटं जातात. दादांनी पहिल्या दिवशी विचारलं की हे कशाला, मी म्हटलं दादा या खिडकीतून कधीतरी एकेकटा फोटॉन जाणार आहे, त्याचा रस्ता आपल्याला माहीत असायला हवा. त्यांनी मान हलवली आणि रजिस्टरमध्ये एक नवा कॉलम आखला, पट्टी लावून.